धाब्याच्या घराचं आतलं काम : आधी पाणी, मग पाय, मग तोंड

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फैजपूरकडच्या एका गावात त्यांच्या आजोबांनी बांधलेलं, नव्वदेक वर्षांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर आहे. सागवानी खांब आणि तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत), भोवती दोन हात जाड मातीच्या भिंती. आई तिथे एकट्या राहतात, मुलं पुण्याला. आईंना घर सोडायचं नाही, म्हणून ते आतून नीट करून घ्यायचं ठरलं आहे. ठेकेदाराने सुचवलं आहे ते असं : वर पीओपीचं छत, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना सिमेंटचं प्लास्टर, खांबांना पॉलिश आणि स्वयंपाकघरात मॉड्युलर किचन. यातलं काय करावं, काय टाळावं आणि सुरुवात कुठून करावी, हे ताईंना विचारायचं आहे. शेवटी एक छोटा प्रश्नही आहे : ओसरीतला झोपाळा पुन्हा टांगता येईल का?

मी गेली 27 वर्षं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जुन्या घरांची दुरुस्ती करतो. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. ठेकेदाराच्या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टी करू नका. चौथी आत्ता करू नका. पाचवी थोडी बदलून करा.

शहरातल्या फ्लॅटमध्ये 'आतलं काम' ही वेगळी गोष्ट असते. खांब आणि स्लॅब आपलं काम करत असतात, आपण वरून रंगरंगोटी करतो. धाब्याच्या घरात तशी वाटणी नसते. तुम्ही ज्याला छत म्हणता तेच घराचं छप्पर, आणि आतून दिसणारा खांब वरची सगळी माती पेलून असतो. भिंत आणि जमीन पावसाळ्यात ओल शोषतात आणि उन्हाळ्यात सोडतात. लाकूडही तेच करतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की सागाच्या लाकडातली ओल चार-पाच टक्क्यांवर येते. श्रावणात तीच चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत चढते. उन्हाळ्यात फटी रुंदावतात, पावसाळ्यात दारं अडकतात. घर वर्षातून एकदा असं फुगतं आणि आकसतं, आणि नव्वद वर्षं ते तसंच टिकलेलं आहे. या ये-जा करणाऱ्या ओलीची वाट सिमेंटने, टाइलने किंवा पीओपीने अडवली की ती दुसरीकडे वळते. दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा लाकडाकडे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. चोपडा तालुक्यातलं एक घर मी आतून 'नवं' करून दिलं. भिंतींना कमरेपर्यंत सिमेंट प्लास्टर केलं, जमिनीवर टाइल बसवली, आणि खांबाचा बुंधा खराब दिसत होता म्हणून त्याभोवती टाइलचीच चौकट केली. घरचे खूष होते, मीही खूष होतो. सहाव्या वर्षी त्यांचा फोन आला, माजघराचं दार लागत नाही म्हणून. चौकट फोडली तर आतला बुंधा हाताने उकरता येईल इतका मऊ झाला होता आणि खांब दोन बोटं खाली बसला होता. जमिनीतली ओल पूर्वी सारवणातून वर येऊन उडून जायची. मी तिला एकच रस्ता ठेवला होता, तो त्या खांबातून. त्यानंतर एका म्हाताऱ्या सुतारबाबांनी तो खांब दुरुस्त करून दिला. काम चालू असताना ते एवढंच बोलले, "खांबना पाय देखा पहिले, तोंड मंग देखा." तेव्हापासून मी कुठल्याही घरात शिरलो की आधी खाली बसतो.

तुम्हीही तेच करा. एक विजेरी आणि एक दाभण घ्या. शेतकऱ्याच्या घरात पोती शिवायचं दाभण असतंच. प्रत्येक खांब ज्या दगडी उथळ्यावर टेकला आहे तिथे वाकून पाहा. उथळा दिसतच नसेल, सारवणाचे आणि कोब्याचे थर चढून तो जमिनीत गेला असेल, तर आधी भोवतालचा भराव काढून तो मोकळा करा. मग बुंध्याला चारही बाजूंनी दाभण टोचा. चांगल्या सागात त्याचं टोक जेमतेम रुततं. पाव इंचापेक्षा जास्त सहज आत गेलं तर तिथे खडूने खूण करा. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथेही असंच टोचून पाहा. माझ्या अनुभवात सडण्याची सुरुवात या दोनच जागी जास्त सापडते, कारण लाकडाचा उघडा छेद तिथे मातीला टेकलेला असतो आणि पाणी छेदातून वर चढतं.

लाकडाचा रंगही पाहा. सागाचा गाभा, म्हणजे मधला तांबूस-तपकिरी भाग, उधईला सहसा दाद देत नाही. कडेचा फिकट पांढरा भाग मात्र ती आवडीने खाते. त्यामुळे कडेला पोखरलेला दिसणारा खांब आतून खणखणीत असू शकतो. ताई, असे खांब 'खराब' ठरवून बदललेले मी बरेच पाहिलेत, आणि काढलेला खांब पुढे जुन्या लाकडाच्या बाजारात चांगल्या भावाने विकला जातो, हेही पाहिलंय. कुठलाही खांब बदलायला हो म्हणण्याआधी त्याला लाकडी हातोडीने ठोकून ऐका. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक तुमच्या आईंनाही कळेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत काही घरांत एखादा खांब किंवा उंबरा अंजनाचा असतो. काळपट, दगडासारखा जड, हत्याराची धार घालवणारा. तो मिळाला तर जपा. आता तसं लाकूड सहज मिळत नाही.

बुंधा खरंच सडला असेल तरी अख्खा खांब काढायची गरज नसते. वरच्या तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू आणि जॅक लावायचे, खराब भाग कापायचा, आणि एकतर जुन्याच सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडायचा किंवा खालचा दगडी उथळाच तेवढा उंच करायचा. मला दुसरा उपाय जास्त आवडतो. दगड पुन्हा सडत नाही. सांधा द्यायचाच तर तो खांबाच्या जाडीच्या निदान अडीच-तीन पट लांब हवा. आणि जॅकने उचलताना घाई नको. बसलेली तुळई तीस-चाळीस वर्षांत बसलेली असते. ती एका दिवसात सरळ करायला गेलात तर सांध्यातली कुसवं (खोबणीत बसणारी टोकं) मोडतात आणि भिंत फाटते. मी दिवसाला एक सूत उचलतो, कधी त्याहूनही कमी. पुष्कळदा तर मी ती आहे त्या जागी फक्त स्थिर करतो. थोडी वाकलेली तुळई हा दोष नव्हे. वाकणं अजून चालू असेल तर दोष. ते कळायला दोरी ताणून भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि सहा महिन्यांनी परत पाहा.

आता वर बघू. तुमच्या घराचं खरं दुखणं तिथे असण्याची शक्यता जास्त आहे.

धाब्याची रचना तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच्या (बारीक लाकडी पट्ट्या), त्यावर तुराट्या आणि पाला, त्यावर माती आणि सगळ्यांत वर खारी. ही खारी म्हणजे सोडियमचं प्रमाण जास्त असलेली पांढरट चिकणमाती. पाणी लागलं की तिचे बारीक कण सुटे होतात आणि मातीची छिद्रं बुजवतात, म्हणून पाणी खाली झिरपत नाही. शेतात हीच माती पिकाच्या मुळावर येते आणि छपरावर ती उपकारक ठरते, याचं मला अजूनही नवल वाटतं. पण दर पावसाळ्याआधी नवी खारी टाकायची आणि जुनी काढायची नाही, असं तीन पिढ्या चाललं की धाबं जाड होत जातं. हिशोब सोपा आहे. 10 बाय 10 फुटांच्या खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजे बरोबर एक ब्रास. कोरडी असताना तिचं वजन साडेचार ते पाच टन भरतं. मी दोन फूट माती चढलेली धाबी उतरवली आहेत. म्हणजे त्या कड्यांवर नऊ-दहा टन होते, आणि पावसात भिजल्यावर त्याहून जास्त.

त्यामुळे 'आतल्या कामा'तला माझा पहिला खर्च नेहमी गच्चीवर होतो. जादा माती उतरवायची. एकाच बाजूने नाही, दोन्हीकडून थोडी थोडी, नाहीतर भार एकीकडे झुकतो. खालची कडी-किलची तपासायची, सडलेल्या बदलायच्या, आणि सात-आठ इंच माती ठेवून परनाळीकडे नीट उतार द्यायचा. सगळी माती काढून पातळ पत्रा टाकू नका. उन्हाळ्यात घराला थंडावा देणारी तीच माती आहे. दुपारी तापलेल्या धाब्याची उष्णता आतपर्यंत पोहोचायला रात्र होते, आणि तोवर माणसं गच्चीवर झोपायला गेलेली असायची. आणि कोणी वरून काँक्रीटचा कोबा किंवा स्लॅब टाकायला सांगितलं तर ठामपणे नाही म्हणा. वजन वाढतं, कोब्याला भेग पडते, भेगेतून गेलेलं पाणी खालच्या मातीत अडकतं आणि ते तुम्हाला कडी मोडेपर्यंत दिसत नाही.

दरवर्षी खारी टाकायला आता माणसं मिळत नाहीत, ही आईंची अडचण खरी आहे. अशा घरांना मी धाब्याच्या वर दोन-अडीच फूट अंतर सोडून, चारही बाजूंनी हवा खेळेल असं पत्र्याचं हलकं छप्पर करून देतो. दिसायला ते मला फारसं आवडत नाही. पण पाऊस थेट पडत नाही, उन्हाची झळ कमी होते, आणि उद्या कोणाला ते काढावंसं वाटलं तर दोन दिवसांत निघतं. एकच काळजी घ्यायची : त्याचे लोखंडी पाय कड्यांच्या मधोमध टेकवायचे नाहीत, खालच्या खांबांच्या रेषेतच टेकवायचे. आणि वैशाखातल्या वावटळीत उडणार नाही असं त्याला जखडायचं.

मग पीओपीला नाही का म्हणतो? पैसे वाचावेत म्हणून नव्हे. कडीपाट उघडा असेल तर गळती सुरू झाली त्याच आठवड्यात फळीवर तपकिरी कडं दिसतं. पीओपीच्या वर तेच पाणी दोन-तीन वर्षं मुक्काम करतं. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी कामाला लागते, आणि तुमच्या डोक्यावर काय चाललंय हे तुम्हाला कळत नाही. शिवाय त्या चौकटी लटकवायला शेकडो खिळे आणि स्क्रू कड्यांत ठोकले जातात. वरून माती गळते, पांघरुणावर पडते, ही आईंची तक्रार असणार, मला माहीत आहे. त्याला आपल्याकडे जुना उपाय आहे, कापडी छत. जाड खादीचं किंवा मांजरपाटाचं कापड, कडेला रिंगा शिवून, हुकांना ताणून बांधायचं. वर्षातून एकदा काढून धुवायचं आणि तेवढ्या वेळात वर नजर टाकायची. खोली उजळते, धूळ थांबते, घराला काही इजा होत नाही.

भिंतींकडे येतो. मातीच्या भिंतीला सिमेंट धरत नाही. सुरुवातीला दोन-चार वर्षं धरल्यासारखं वाटतं. मग भिंत आणि प्लास्टर यांच्यात पोकळी होते, ठोकलं की पोपडा वाजतो, आणि त्या पोकळीत उधईचा रस्ता तयार होतो. मागच्या पिढीत कोणी सिमेंट केलंच असेल तर ते घाईने छिन्नीने उखडू नका, मातीही बरोबर येते. वाजणारा भाग आधी काढा, घट्ट बसलेला नंतर, थोडा थोडा. नवा गिलावा मातीचाच करा : गाळलेली माती, वाळू, गव्हाचा भुसा आणि शेण, पाणी घालून आठवडाभर कुजवलेलं. प्रमाण मी लिहून देणार नाही, कारण प्रत्येक गावची माती वेगळी. चार वेगवेगळी मिश्रणं भिंतीवर फूटभर चौकोनात लावा आणि आठवड्याने पाहा. ज्याला भेगा नाहीत आणि बोट फिरवल्यावर जे झडत नाही, ते तुमचं. काळ्या मातीचा मोह नको, तिला भेगा पडणारच. वरून चुन्याची सफेदी. चुना विझवून, गाळून, थोडा डिंक घालून तीन-चार पातळ हात. प्लॅस्टिक पेंट म्हणजे भिंतीला रबरी कोट चढवण्यासारखं आहे. आत घाम साचतो आणि रंग फुग्यासारखा सुटतो.

जमिनीचं उत्तर आईंच्या वयाशीही जोडलेलं आहे. चकचकीत टाइलवर ओला पाय पडला आणि माकडहाड मोडलं, अशी घरं मी पाहिली आहेत. शहाबादी फरशी घ्या, पॉलिश न केलेली. ती चुना-वाळूच्या थरावर बसवा आणि सांधेही चुन्याचेच भरा. भिंतीच्या कडेने आणि प्रत्येक खांबाभोवती चार-सहा बोटांची पट्टी फरशीविना सोडा. तिथे बारीक खडी भरा किंवा नुसतं सारवा. ओलीला बाहेर पडायला ती जागा हवी. उंबरा उंच आहे म्हणून कापून टाकायला सांगतील. कापू नका, तो चौकटीला खालून धरून असतो. दोन्ही बाजूंना लाकडी उतार करून ठेवा, नुसता टेकवलेला, आणि दाराच्या बाजूला धरायला दांडी लावा. तसंच दार ठेंगणं आहे म्हणून वरची गणेशपट्टी कापायची नाही. तिच्यावर भिंत उभी आहे. तिथे एक दिवा लावा.

उधईबद्दल. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसत असतील तर फक्त झाडून टाकल्याने काही होत नाही, तिचं वारूळ जमिनीत असतं. उभ्या घरासाठीची पद्धत भारतीय मानक 6313च्या तिसऱ्या भागात दिली आहे : भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे दर 300 मिलिमीटरवर 12 मिलिमीटरचं भोक पाडून त्यात औषध सोडतात. परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, आणि आवारात विहीर असेल तर त्याला आधी सांगा. लाकडासाठी मी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी वापरतो. ते कोरड्या, उघड्या लाकडात मुरतं, म्हणून तेल किंवा पॉलिश लागण्याआधीच द्यावं लागतं. खाली बारीक पिठासारखा भुसा पडत असेल तर ती उधई नव्हे, तो लाकूडकिडा. तो बहुतेक पांढऱ्या भागातच राहतो. घाबरून अख्खी कडी काढू नका.

आता खांबाचं तोंड. पॉलिश आत्ता करू नका म्हटलं, त्याचं कारण खांबांवर बहुधा जुन्या ऑइल पेंटचे थर असतील. आपल्याकडे चॉकलेटी आणि हिरवा रंग फार चालायचा. भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाखांत 90 भाग) इतकी नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. त्याआधीच्या तैलरंगात शिसं असू शकतं असं धरूनच चालायचं. तो रंग मशीनने घासला की शिशाची धूळ घरभर होते, स्टोव्हच्या ज्योतीने जाळला की तिचा धूर होतो. नातवंडं सुट्टीत येऊन त्याच जमिनीवर रांगणार असतील तर हा धोका घेऊ नका. पाण्याने ओला ठेवून हाताच्या पत्रीने खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, निघालेला कचरा त्यातच गुंडाळून बाहेर न्या. तो अंगणात झाडू नका, शेतात टाकू नका.

रंगारी कॉस्टिक सोडा लावून धुवायला सांगेल. काम झटपट होतं, पण सोडा लाकडाच्या छिद्रांत राहतो, तंतू मऊ करतो आणि वर्षभरात नवं पॉलिश सोलून काढतो. मी कधीच वापरत नाही. चुलीच्या धुराने काळं झालेलं लाकूड असेल तर रिठ्याच्या कोमट पाण्यात फडकं पिळून पुसा, पाणी ओतू नका. काळेपणा पूर्ण जाणार नाही आणि जाऊही नये. कोरीवकामावर तर पॉलिश पेपर अजिबात नको. नक्षीच्या कडा एकदा गोल झाल्या की कोणीही परत आणू शकत नाही. मऊ ब्रश, बांबूची टोकदार काडी आणि वेळ, एवढंच लागतं.

शेवटचा हात तेलाचा. उकळलेलं जवसाचं तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, त्यात तितकंच टर्पेंटाइन घालून पहिला पातळ हात, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून काढायचा, दोन दिवसांनी दुसरा. लाकूड चमकत नाही, पण त्याचा रंग खुलतो आणि पुढच्या वर्षी आई स्वतः एक हात देऊ शकतात. पीयू आणि मेलामाइन या चकचकीत पॉलिशांचा जाड थर या हवामानात, लाकूड इतकं आकसत-फुगत असताना, तडकतो, आणि मग सगळा खरवडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. उन्हाळ्यात खांबांना पडलेल्या उभ्या चिरा लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की तीच घट्ट लांबी चीर आणखी फाडते.

एक इशारा, आणि हा नीट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाची बोळा केलेली फडकी आपोआप पेट घेतात. तेल हवेशी संयोग होऊन वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेल्या कापडात ती कोंडली जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे आणखी लवकर होतं. फडकी उलगडून बाहेर दोरीवर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. आजूबाजूला नव्वद वर्षांचं वाळलेलं लाकूड आहे.

त्याच कारणाने विजेचं काम अर्धवट करू नका. लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग असेल तर सगळी काढा. नवी वायर पाइपमधून, भिंतीवरून, उघडीच न्या. मातीच्या भिंतीत झिरी मारायच्या नाहीत, खांबात तर नाहीच. मुख्य पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. कूलरसाठी स्वतंत्र लाइन. कूलर खिडकीच्या लाकडी चौकटीवर टेकवू नका, बाहेर लोखंडी स्टँडवर ठेवा, दोन बोटं अंतर सोडून. मार्च ते जून रोज ठिबकणाऱ्या पाण्याने चौकट सडलेली मी जवळजवळ प्रत्येक गावात पाहिली आहे.

स्वयंपाकघर सोयीचं करायला माझी काहीच हरकत नाही. वाकून, बसून काम करण्याचे आईंचे दिवस गेले. फक्त ओटा आणि कपाटं भिंतीला चिकटवू नका. स्टीलच्या पायांवर उभी करा, मागे तीन बोटं मोकळी ठेवा, पाण्याचे पाइप उघडे दिसू द्या. संडास-बाथरूम आईंना जवळ हवं हे बरोबरच आहे, पण ते माजघराच्या भिंतीला लागून आत करू नका. परसदाराच्या पडवीत, स्वतःच्या वेगळ्या विटांच्या भिंती देऊन करा. नवी खिडकी पाडायचीच झाली तर घराच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून किमान 4 फूट लांब ठेवा. माजघर अंधारं आहे म्हणून मी खिडकीपेक्षा सवण्याचा उपयोग करतो. धाब्यातलं ते जुनं झरोक्याचं भोक मोकळं करायचं, भोवती वीतभर उंच कठडा बांधायचा आणि वर जाड काच उतरती बसवायची. दुपारी बारा वाजता उजेडाचा झोत थेट जमिनीवर पडतो.

एक गोष्ट ठेकेदाराला बजावून सांगा. 'हॉल मोठा करू' म्हणून मधला एखादा खांब काढायचा विषय निघाला तर काम तिथेच थांबवा. 1993च्या किल्लारी भूकंपात जाड भिंती बाहेर कोसळल्या, पण आतला खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला, अशी घरं पाहायला मिळाली होती. तो सांगाडा अखंड असला तरच माणसाला वाचवतो.

कामाचा क्रम असा धरा. येत्या पावसाळ्यात काहीही फोडू नका. पहिल्या मोठ्या पावसात विजेरी घेऊन घरभर फिरा, जिथे ओल दिसेल त्याचा फोटो काढा आणि त्या तुळईवर खडूने नंबर टाका. दिवाळीनंतर टेकू देऊन आधी धाबं, मग बुंधे आणि तुळया. थंडीत गिलावा, तो सावकाश वाळतो म्हणून. लाकडाचं तेलपाणी फाल्गुनात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी सगळं आवरलेलं असावं. बदली लाकूड लागलं तर जुन्या पाडलेल्या वाड्याचं सागवान शोधा. ते वाळून स्थिर झालेलं असतं, नव्यासारखं पिळत नाही. घेताना विकणाऱ्याकडून पावती आणि वाहतुकीचे कागद मागून घ्या.

आणि झोपाळा. टांगता येईल, ताई, पण कडीला नाही. जुने हुक कडीत असतील तर ते तसेच राहू द्या, वापरू नका. माणूस झोके घेतो तेव्हा हुकावर त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त ओढ बसतो, आणि तोही उलटसुलट. ओसरीच्या दोन खांबांवर जी मुख्य तुळई आहे तिला दाभण लावून पाहा. ती निरोगी असेल तर तिच्यात भोक न पाडता, वरून वेढा घालणारा लोखंडी पट्टा बसवा, पट्टा आणि लाकूड यांच्यात चामड्याचा तुकडा घाला, आणि साखळ्या खांबांच्या जितक्या जवळ येतील तितक्या जवळ घ्या. धाब्यावरची जादा माती उतरल्यानंतरच हे करा. तुमच्याकडे लोहाराचा पत्ता नसेल तर त्या पट्ट्याचं माप मी काढून देईन. मला तुळईची रुंदी, उंची आणि दोन खांबांतलं अंतर एवढं कळवा.